मिश्री म्हणजे साखर नव्हे

निपाणीत मी तंबाखू सोडवायचं काम करते असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसून झालं की विचारतो, "आणि पोटाला काय करता?" ज्या गावात बसमधून पाय खाली ठेवायच्या आधी तंबाखूच्या वखारींचा वास नाकात शिरतो, त्या गावात माझ्यासारखीनं टेबल मांडून बसायचं म्हणजे हलवायाच्या दुकानात उभं राहून उपासाचं महत्त्व सांगण्यातलाच प्रकार. पण मी बसते. निपाणीत रोज आणि बेळगावच्या कॅम्प भागात आठवड्यातून एकदा.

संपादकांनी अनुभव लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, अजून तिशी गाठायची आहे, अनुभव कुठले? ते म्हणाले, "तुम्ही बोलता तसं लिहा." हा धोका त्यांनी आपणहून पत्करला आहे. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर घर बोलायचं. वखारीतल्या बायकांच्या मजुरीची पत्रकं, दारूबंदीची, सीमाप्रश्नाची, बुवाबाजीविरुद्धची. मी घड्या घालत मोठी झाले. आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी उद्गारचिन्ह शिकवत. तेव्हा वाचकांनी जरा सांभाळून घ्यावं.

आमचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. तंबाखू वाईट, सोडा, नमस्कार. तंबाखू वाईट हे कुणाला ठाऊक नाही? पुडीवर सडलेल्या गालाचं चित्र असतं आणि माणूस त्याच चित्रावर अंगठा ठेवून पुडी फाडतो. भीतीनं कुणी सोडत नाही, फार तर लपवतो. म्हणून आम्ही "तंबाखू खाता का?" असं कधी विचारत नाही. विचारतो, "सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?" मग माणूस बोलायला लागतो. चहा. चहानंतर चिमूट. बसला उशीर झाला की चिमूट. बायको बोलली की चिमूट, बायको बोलेनाशी झाली की दोन. ह्या साखळीतली कुठली कडी सैल आहे ते शोधायचं, आणि तिथं बडीशेप, भाजलेला ओवा, लवंग, गार पाण्याचा घोट, कुणाला डॉक्टरांनी दिलेला निकोटिनचा च्युइंगम, असं काहीतरी घालायचं. आणि मग चिकाटी. त्याची कमी, आमची जास्त.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. आमच्या आप्पांचंच घ्या. आप्पा तंबाखूचे अडत व्यापारी. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाहीत. एक दिवस आपल्या ट्रकच्या ड्रायव्हरला, शिवाला, दंडाला धरून घेऊन आले. म्हणाले, "म्याडम, माल मी विकतोयच, ते सोडा म्हणू नगा. पण ह्याला सोडवा. लई चांगला माणूस हाय."

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही विकायचं आणि मी सोडवायचं?"

"मग? दोघांचा बी धंदा चालंल की!"

शिवाला तोंड उघडून उभी तीन बोटं आत घालायला सांगितली. आमची ही साधी चाचणी. निरोग्याची तीन जातात. शिवाची दोनसुद्धा गेली नाहीत. त्यानं तंबाखू सोडली, पण तोंड पुन्हा उघडलं नाही. आजही भाकरी दुधात कुस्करून खातो. तो सुटला म्हणायचं की उरला, हे मला अजून ठरवता येत नाही. आप्पा मात्र तेव्हापासून अधूनमधून आमच्या टेबलाशी येऊन बसतात. माझ्याशी वाद घातल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

धर्माच्या नावानं सोडणारेही येतात. एक गृहस्थ चातुर्मासात नियम धरायचे, चार महिने पुडीकडे बघायचे नाहीत, आणि नियम सुटला की मागची सगळी तूट भरून काढायचे. त्यांना बघून मी एक पत्रक लिहिलं: "देवाच्या कुबडीवर चालणारा माणूस कुबडी काढली की पडतो!" मोठ्या टायपात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. माझी भूमिका स्वच्छ होती: सोडायचं ते बुद्धीला पटून सोडा, कुणाच्या शपथेवर नको.

आणि मग मार्थाआक्का आल्या.

कॅम्पातली आमची खोली म्हणजे दोन बाकं, एक टेबल आणि भिंतीवर तोंडाच्या आतलं मोठं चित्र. साठी ओलांडलेली, ठेंगणी, पदर खोचलेली एक बाई दारात उभी राहिली. चित्राकडे बघितलं, नाक मुरडलं, आणि मला विचारलं, "हितं सोडवत्यात न्हवं?"

"हो. या ना. काय सोडायचंय?"

"चहा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "चहा?"

"व्हय, चहा. कुत्र्यावानी मागं लागलाय. लवकर सोडवून दे. नातीच्या वाढदिवसाच्या आत."

मार्थाआक्का कॅम्पातल्या एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होत्या. आता घरी असतात. आजोबा-पणजोबांपासूनचं मराठी ख्रिस्ती घराणं. मुलगी रूथ बेंगळुरूत नर्स. ती आणि तिचा नवरा सॅम्युएल काही वर्षांपूर्वी मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, झाले होते. हे टोपणनाव आहे, ते स्वतः तसं म्हणवून घेत नाहीत, असं रूथनं मला नंतर बजावलं. पण नाव लांबलचक आहे आणि अंकाची पानं मोजकी. मुलीच्या पाठोपाठ आक्काही मोबाइलवरून धडे घेऊ लागल्या होत्या. ह्या पंथात मुलाला आठ वर्षं झाली की त्याचा बाप्तिस्मा होतो, पूर्ण पाण्यात बुडवून. आक्कांची नात एस्तेर आठ वर्षांची होणार होती आणि आजी-नातीनं फोनवर पैज घेतल्यासारखं ठरवलं होतं: पाण्यात जायचं ते एकाच दिवशी, बरोबर. पण मोठ्या माणसाला आधी मुलाखत द्यावी लागते. दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडली का, हे त्यात विचारतात. सोडली नसेल तर पाणी नाही.

"दारूचा तर प्रश्नच न्हाय," आक्का म्हणाल्या. "तंबाखू आमच्या घराण्यात कुणी खाल्ला न्हाय. कॉफी मला पचत न्हाय. ऱ्हायला चहा. त्यो बी मी सोडलाच न्हवता, कारण मला वाटलं चालतोय."

"चालतोय कसं वाटलं?"

आक्कांनी पिशवीतून एक घडीपत्रक काढलं. पत्रक दिसलं की माझा हात आपोआप पुढे होतो. कुणीतरी घाईत मराठी केलेलं होतं. त्यात 'गरम पेये' वर्ज्य म्हटलं होतं.

"आता तूच सांग," आक्का म्हणाल्या, "मी चहा बशीत वतून, फुकून, गार करून पितो. गरम कुटं ऱ्हायला? आनि ह्या दोन महिन्यांत मी गरम पानी सोडलं, दूध सोडलं, नाचण्याची आंबील गार गिळली. घसा बसला माझा! आनि काल रूथ म्हणती, आई, आंबील चालती, चहा चालत न्हाय."

मी तिथूनच रूथला फोन लावला. रूथ हसून हसून दमली. म्हणाली, मूळ इंग्रजीत शब्द तसाच आहे, पण अर्थ पहिल्यापासून चहा आणि कॉफी एवढाच; गरम असो नाहीतर बर्फ घातलेला असो. गरम दूध, गवती चहाच्या पातीचा काढा, आलं घातलेलं पाणी, सगळं चालतं.

"मग चहा म्हणून सरळ लिव्हायचं की गं!" आक्का फोनवर ओरडल्या. "दोन महिने गार आंबील खाल्ली मी!"

त्या मनापासून हसल्या आणि मला त्यांचे दात दिसले. काळे. दातांच्या मुळाशी काळी रेघ, आणि खालच्या ओठाच्या आत, जिथं बोट फिरतं नेमकं तिथं, दुधाची साय चिकटल्यासारखा पांढरा चट्टा. ती साय निघत नाही. तिचं पुढे काय होऊ शकतं हे भिंतीवरच्या चित्रात होतं.

"आक्का, मिश्री लावता?"

"लावतो की. दात घासायला नगं?"

"कितीदा?"

"दिवसभर लागल तशी."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. आमच्याकडच्या हजारो बायका ती लावतात आणि त्यातली एकही स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. तंबाखू खातात पुरुष. बायका दात घासतात! भाजणीचा वास घरभर कोंदला तरी ती तंबाखू नाही. तिला वेगळं नाव आहे ना, मग ती वेगळी वस्तू. आणि पत्रकं काढणारे आम्ही शहाणे वर्षानुवर्षं 'तंबाखू सोडा' असं छापत आलो. ते वाचून ह्या बायका म्हणायच्या, बरोबर आहे, नवऱ्याला सांगायला पाहिजे.

मी आक्कांना सांगितलं, ही तंबाखूच आहे. आधी त्यांना राग आला. मग चट्टा आरशात दाखवला, डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी बजावलं की आता थांबला नाहीत तर पुढचं माझ्या हातात नाही. आक्का बाहेर येऊन बाकावर बसल्या. चट्टा राहिला बाजूला. त्यांचा घोर दुसराच.

"मी त्या धडे देनाऱ्या पोरास्नी सांगितलंय तंबाखू न्हाय म्हणून."

"तुम्ही खोटं नाही बोललात. तुम्हाला माहीत नव्हतं."

"आता म्हाईत झालं न्हवं!" त्या माझ्यावर उखडल्या. "तू कशाला सांगितलंस? गप बसली असतीस तर सुखानं गेलो असतो पान्यात. आता न सांगता गेलो तर ते खोटं हुतंय. आनि मी खोटं बोलून पोरीचा हात धरून पान्यात उतरू व्हय?"

मी आजवर शेकड्यांनी माणसं बघितली. मरणाला घाबरलेली, बायकोला घाबरलेली, खर्चाला कंटाळलेली. पण कळल्यामुळे अडकलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

तर काम सुरू झालं. ह्या पंथाच्या नियमांशी माझी ओळख आक्कांमुळे झाली आणि खरं सांगते, मी त्यांच्यातल्या चुका काढायलाच बसले होते. रूथनं ह्या नियमामागची एक हकिकत सांगितली. अमेरिकेत, खूप वर्षांपूर्वी, ह्या पंथाची पुरुषमंडळी एका खोलीत धर्मचर्चेला जमायची, तंबाखू चघळायची आणि जमिनीवर थुंकायची. ती जमीन पुसणाऱ्या बाईनं, संस्थापकाच्या बायकोनंच, एक दिवस वैतागून तक्रार केली. त्यानंतर हा नियम आला. मी ताडकन उठून उभी राहिले! धर्माच्या नियमाच्या मुळाशी देवदूत नाही, फरशी पुसून कंबर मोडलेली बाई! निपाणीच्या बसस्टँडची भिंत जिनं बघितली आहे तिला ह्या बाईचं दुःख समजावून सांगायला नको. माझं आणि त्या पंथाचं तेवढ्यापुरतं जमलं.

बाकी नियमही मजेशीर. तंबाखू माणसाच्या पोटासाठी नाही, तर मुका मार आणि आजारी जनावरं यांच्यासाठी आहे म्हणे. हे मी आप्पांना ऐकवलं. गोचिड्या पडल्या की आमच्याकडेही म्हशीला तंबाखूचं पाणी लावतात, तेव्हा आप्पांना ते लगेच पटलं. म्हणाले, "मग आजपासनं मी अडत्या न्हाय. जनावरांचा डाक्टर!"

धान्याचंही सांगितलं आहे. सगळी धान्यं चांगली, पण गहू विशेष माणसासाठी, मका बैलासाठी, ओट घोड्यासाठी. आक्कांनी ते दोनदा वाचून घेतलं. "ह्यात आमचा जोंधळा कुटं हाय?"

"नाही दिसत."

"जोंधळा न्हाय? मग मी जल्मभर भाकरी कुनाची खाल्ली?" रूथनं समजावलं की अमेरिकेत जोंधळा पिकत नसेल, पण 'सगळी धान्यं' म्हटलंय त्यात तो आला. आक्कांचं पुरतं समाधान झालं नाही. मांस कमी खा, थंडीच्या दिवसांत खा, असंही आहे. त्यावर मात्र त्या खूश. "बेळगावात थंडी कवा नसती?" महिन्यातून एक रविवार दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेलं गरिबाला द्यायचं. हे मला सर्वांत आवडलं. उपास करून स्वतःच साबुदाणा वडे चापण्यापेक्षा हा उपास लाखपट बरा!

पण मिश्री सुटेना. आणि का सुटेना ते मला कळत होतं. आक्कांची साखळी एकच होती: चहा झाला की मिश्री. दोन्ही एकदम सोडायचं म्हणजे दिवसाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पाडायच्या. मी माझ्या शास्त्राप्रमाणे सांगितलं, आधी मिश्री सोडा, चहा राहू दे. चहानं कुणी मरत नाही. आक्का माझ्या टेबलावरच्या कपाकडे बघत होत्या. तो माझा सकाळपासूनचा पाचवा असावा.

"तू सोड."

"काय?"

"चहा. तू चहा सोड, मी मिश्री सोडतो."

"आक्का, मी तुमच्या देवाला मानत नाही."

"देवाचं कोन बोलतंय? तुजा देव न्हाय तर नसंना का. मला सोबत पायजे. मी हितं एकली, पोरगी तिकडं. तुजं शास्त्र सकाळी उटून माज्या शेजारी बसतंय व्हय?"

एवढं सरळ वाक्य मला कुठल्या पत्रकात सापडलं नव्हतं. मी त्याच दिवशी चहा सोडला. देवासाठी नाही, हे मी सर्वांना तीन-तीनदा सांगितलं. आप्पा म्हणाले, "सुम्म बसा हो म्याडम, सोडलासा न्हवं, झालं!" सुम्म म्हणजे कानडीत उगीच, गप्प. मी गप्प बसले, कारण बोलायची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवसापासून डोकं असं ठणकायला लागलं की टेबलावर कपाळ टेकून बसत होते. एका गिऱ्हाइकावर ओरडले. चहाच्या टपरीवरून जाताना रस्ता बदलला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते, "चार-पाच दिवस त्रास होईल, मग कमी होतो." किती गोड आवाजात सांगत होते! आता तो त्रास आतून कळला. सकाळी फोन यायचा: "पोरी, डोकं?" "फुटतंय. तुमचं तोंड?" "आग पडलीया. लवंग चघळतोय." "बरं, दुपारी बोलू." एवढंच बोलणं. पण ते रोज.

मुलाखत ठरली. कॅम्पातल्या आमच्याच खोलीत, माझ्या मोबाइलवर, आणि दुभाषी मी. पलीकडे पांढरा शर्ट, काळा टाय घातलेला, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा एक तरुण. त्यांच्यात अशा तरुणांना एल्डर म्हणतात, म्हणजे वडीलधारा. आक्कांनी स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं. "ह्यो वडीलधारा? ह्याला मिसरूड तरी फुटलीया का?" एवढ्याचं मात्र मी भाषांतर केलं नाही.

प्रश्न नीट चालले होते. चहा? नाही. कॉफी? नाही. तंबाखू?

आक्का माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सांग त्याला. मिश्री लावत हुतो. सोडली. पर परवा भावाच्या घरी बेळगुंदीला गेलतो. भावजय भाजत हुती. वास आला आनि बोट गेलं."

मला हे ठाऊक नव्हतं. फोनवर त्यांनी सांगितलं नव्हतं. मी हिंदीत सांगितलं, परवा त्यांनी एकदा मिश्री घेतली.

एल्डरचा चेहरा खुलला. "मिश्री? अरे, मिश्री में क्या बुराई है आंटी? बिल्कुल खाइए!"

क्षणभर मला काही कळेना. मग लख्ख उजेड पडला. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर! पलीकडच्या त्या भल्या पोराला वाटलं, म्हातारीनं परवा खडीसाखर खाल्ली आणि तिला ते पाप वाटतंय. तो अगदी मायेनं हसत होता. मुलाखत तिथंच पार पडली होती. एस्तेरचा वाढदिवस आठवड्यावर होता. मी एक अक्षर बोलले नसते तर आक्का उत्तीर्ण. खोटं कुणीच बोललं नव्हतं: त्यांनी खरं सांगितलं, मी खरं सांगितलं, त्यानं खरं ऐकलं.

पण आक्का वसतिगृहात वर्षानुवर्षं साऱ्या भाषांच्या पोरांना जेवायला वाढत आलेल्या. हिंदी त्यांना पुरेसं कळतं. त्यांनी माझा हात दाबला. "त्याला साकर वाटली व्हय गं?"

"हो."

"मग बगत काय बसलीस? सांग की, साकर न्हवं म्हणावं. काळी. तंबाखूची."

मी सांगितलं. एल्डर गंभीर झाला. त्याला असली वस्तू जगात आहे हेच माहीत नव्हतं. त्यानं तीन-चार प्रश्न विचारले, मग फार हळू आवाजात म्हणाला की थोडं थांबू या, अजून काही आठवडे, आणि पुन्हा बोलू. आक्का "बरं बाबा" म्हणाल्या, पदरानं मोबाइलची काच पुसली, कारण फोन बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं, आणि उठल्या.

संध्याकाळी रूथचा मला फोन. ती चिडली होती. "तुम्हाला इतकं खोलात जायची काय गरज होती? एक दिवस लावली, त्यात काय? एस्तेर रडतेय." मी म्हटलं, मी नाही, तुमच्या आईनं सांगितलं. तेवढ्यात मागून एस्तेरचा आवाज आला, बेंगळुरूच्या इंग्रजी-कानडीत न्हालेल्या मराठीत: "आजीला सांग, मी वेट करते. मी एकटी जाणार नाय. पण तिला बोल, लवकर कर!"

हा निरोप मी आक्कांना जसाच्या तसा दिला. आक्कांनी घरातली मिश्रीची डबी आणून माझ्या टेबलावर आपटली. "ठिव तुज्याकडं. आनि भावजयीला फोन लाव. सांग, मी येणार असलो की भाजू नको म्हणावं."

मी आमचं पत्रक नव्यानं लिहिलं. त्यात 'तंबाखू' हा शब्द तळाला गेला. वर, मोठ्या टायपात: मिश्री! तपकीर! जर्दा! मावा! आणि त्याखाली: ही सगळी एकाच घरची भावंडं! कुबडीचं ते जुनं वाक्य काढून टाकलं. एखाद्याचा आधार कुबडी आहे की काठी, हे ठरवणारी मी कोण? मी आजही कुठल्या देवापुढे हात जोडत नाही. पण देवाशिवाय सोडलेली तंबाखू आणि देवासाठी सोडलेली तंबाखू, गालाला दोन्ही सारख्याच.

पुढच्या मुलाखतीत आक्का पास झाल्या. चट्टा बारीक झाल्याचं डॉक्टर म्हणाले. पण बेंगळुरूला मी बरोबर यावं अशी त्यांची अट होती. "लोंढ्याला गाडी थांबती. तितं चहावाला खिडकीत येतोय. मी एकली न्हाय जायची." आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. लोंढ्याला खरोखर चहावाला नेमका आमच्याच खिडकीशी आला. आलं घातलेला! आक्का माझ्याकडे बघत राहिल्या, मी आक्कांकडे. दोघीही एकमेकींच्या पहाऱ्यावर होतो. गाडी हलली तेव्हा आक्का म्हणाल्या, "तू तर रडकुंडीला आलतीस."

बेंगळुरूत त्यांच्या प्रार्थनाघरात आतल्या बाजूला एक मोठी टाकी आहे, चार पायऱ्या उतरून जायची. आजी-नात पांढऱ्या कपड्यांत. आणि तेव्हा आक्कांना कळलं की बुडवणार जावई! त्यांच्यात घरचा कर्ता पुरुषच बहुधा हे करतो. जन्मभर जावयासमोर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई. तिनं त्याच्या हातावर पाठ टेकून मागं पडायचं? "न्हाय बाई," त्या मला कुजबुजल्या, "दुसरं कुनी न्हाय व्हय?" सॅम्युएलची अवस्था त्याहून वाईट. सासूला हात लावायला तो धजत नव्हता.

एस्तेर आधी गेली. मासोळीसारखी बुडाली आणि वर आली. मग आक्का. सॅम्युएलनं हात वर करून प्रार्थना म्हटली आणि त्यांना मागं झुकवलं. आक्का ओंडक्यासारख्या ताठ. डोकं बुडालं, पण पाय वर आले. नियम असा की सगळं शरीर पाण्याखाली गेलं पाहिजे, बोटाचं टोकसुद्धा बाहेर नको. दोन साक्षीदार काठावर ह्यासाठीच उभे असतात. त्यांनी माना हलवल्या. पुन्हा प्रार्थना. ह्या खेपेला कोपर बाहेर राहिलं. पायरीवर ओली उभी असलेली एस्तेर ओरडली, "आजी, अंग सोड! पप्पा पाडत नाही!" सगळीकडे हशा. सॅम्युएल म्हणाला, "आई, माझ्यावर विश्वास ठेवा." आक्का म्हणाल्या, "मग नीट दाब की रं! घाबरतोस कशाला?"

आणि त्यानं दाबलं. आक्का पूर्ण गेल्या. पाणी मिटलं. मग त्या वर आल्या, धापा टाकत, केस तोंडावर, आणि त्या पवित्र शांततेत चूळ थुंकून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रूथ! हे पानी कसलं गं? ब्लिचिंग लई घाटलंय ह्यात!"

"आई, गप्प!" रूथनं कपाळावर हात मारला.

मी मात्र जागची उठले होते. मिश्रीवाल्या बायकांच्या जिभेला तिखट सोडून फारसं काही पोचत नाही. मीठ जास्त झालं तरी घरातलं दुसरं कुणी सांगतं तेव्हा त्यांना कळतं. मी काठाशी जाऊन वाकून विचारलं, "आक्का, तुम्हाला ब्लिचिंगची चव लागली?"

एस्तेरचा हात धरून पायऱ्या चढता चढता आक्का थांबल्या. ओठांवरून जीभ फिरवून त्यांनी पुन्हा एकदा खात्री केली.

"लागली म्हंजे? जीब माजीच हाय की."